थकलेल्या हातानं वाजवू नको

पोरा,

परवा तू आलास तेव्हा उजव्या तर्जनीला पट्टी होती. ती लपवत म्हणालास, "सर, रोज आठ तास तबल्यावर बसतो, तरी चौगुनीत, चौपट लयीत, 'तिट'चा बोल फाटतो." मला राग आला. तुझ्यावर थोडा, स्वतःवर जास्त.

तुझा भाऊ पोलीस भरतीसाठी पहाटे नहराच्या रस्त्यावर धावतो. चाचणी १६०० मीटरची, म्हणून तो रोज १६०० मीटर जीव तोडून धावतो का? विचार त्याला. एक दिवस चारशे-चारशेचे तुकडे, मधे चालून दम घेणं. दुसऱ्या दिवशी नुसतं हळू पळणं. मैदानी चाचणीच्या आधी पाय मोकळे. आणि प्रत्येक वेळ वहीत. कोणत्या लयीवर हात तुटतो, हे तू कधी लिहिलंस? आठ तास हा हिशेब मांडी घालून बसण्याचा झाला, रियाजाचा नाही.

थकलेल्या हातानं वाजवू नको. बोल फाटला की तिथंच थांब. हात चूकही तितक्याच इमानानं शिकतो.

नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ साली बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. तिरंदाज सरावात कितीदा तरी लक्ष्याचा कागदच काढून टाकतात आणि अगदी जवळून कोऱ्या पेंढीवर बाण सोडतात. गुण नाहीत, टाळ्या नाहीत. फक्त खांदा आणि सुटणारी बोटं. तुझा 'धाधा तिट धाधा तिना' तसा वाजव. ठाय, म्हणजे संथ लय, दहा मिनिटं, कान फक्त तिटवर. तर्जनी सैल पडते की ताठ, एवढंच बघ. मग ऊठ, पाणी पी. बसलेला बोल रात्री झोपेत पक्का होतो, आणि तू झोपच कापतोस!

विशीत रेडिओच्या ऑडिशनच्या आदल्या रात्री मी पहाटेपर्यंत बसलो. शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलाला आदल्या दिवशी कोणी बंडीला जुंपत नाही. मी स्वतःला जुंपलं. सकाळी मनगट लाकूड झालेलं. रेला, तो वेगात सलग वाजवायचा प्रकार, सुरू केला आणि मधेच कोसळला. पुढं वर्षभर हात दुखत राहिला. गावात म्हणतात, सरांकडे तेवढा हात नव्हता. होता. मी तो एका रात्रीत संपवला. नंतर किती हंगाम पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना वाजवलं, रात्र रात्र, पडदा पडेपर्यंत, पण लय ढळली नाही. कारण दुपारी झोपायला शिकलो होतो. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

म्हणून पुन्हा: थकलेल्या हातानं वाजवू नको. परीक्षा जवळ आली म्हणून तर मुळीच नको.

रविवारी ये. तबला आणू नको. पट्टी निघेपर्यंत आपण नुसती पढंत करू, बोल तोंडानं म्हणू, हातावर टाळी देऊन. आणि भावाची ती वही मागून आण, मला बघायची आहे.

तुझा,
सर