भट्टी तापत नाही आणि विक्रेता म्हणतो पेलेट ओले

प्रश्न : पंचवटीत आमचं फरसाणाचं छोटं काम आहे. मी, माझे पती आणि मदतीला एक बाई. सिलिंडरचा खर्च झेपेना, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर राजकोटच्या एका विक्रेत्याकडून ६०,००० रुपयांची पेलेट भट्टी (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी) घेतली. ४८,००० दिले, उरलेल्या १२,००० चा पुढच्या तारखेचा चेक दिला. ‘ताशी ३ किलो पेलेट, आच सिलिंडरच्या शेगडीइतकीच’ असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात तेल हवं तसं तापत नाही, शेव तेल पिते. २० लिटर पाणी उकळीला यायला पाऊण तासाच्या वर लागतो. विक्रेता म्हणतो, तुमचे पेलेट ओले आहेत. बिलावर ‘वाद राजकोट न्यायालयात’ असं छापलंय. चेक थांबवू का? नाशिकला तक्रार होईल का?

उत्तर : ताई, आधी चेकचं सांगतो, कारण तारीख जवळ येत असणार. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ असं परस्पर कळवू नका. खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलेला चेक आणि तुम्ही थांबवलेला चेक, दोन्हींवर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. चेक देण्यामागे देणं होतं असं न्यायालय आधी गृहीत धरतं, ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. भट्टी सदोष आहे हा बचाव खरा असला, तरी तो मांडायला तुम्हाला आरोपी म्हणून उभं राहावं लागेल. १२,००० रुपयांसाठी हे ओढवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच विक्रेत्याला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. भट्टी कबूल केल्याप्रमाणे चालत नाही, दुरुस्ती होईपर्यंत चेक बँकेत भरू नये, असं लिहा. माल ठरल्यासारखा नसेल तर किमतीत कपात मागण्याचा हक्क माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ५९ ने खरेदीदाराला दिला आहे, तोही नमूद करा. तरीही त्याने चेक भरलाच तर तो वटू द्या आणि ती रक्कम तक्रारीत मागा. चेक परत गेलाच आणि नोटीस आली, तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ती नोटीस घरात पडू देऊ नका.

नाशिकला तक्रार होईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. बिलावर छापलेल्या ओळीने हा हक्क जात नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यामुळे आयोगाचं शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची.

विक्रेत्याचा वकील पहिला आक्षेप घेईल तो ‘धंद्यासाठी घेतलेलं यंत्र, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ हा. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मदतीला एक-दोन माणसं ठेवल्याने स्वयंरोजगार संपत नाही. तुम्ही आणि तुमचे पती स्वतः कढईपुढे उभे राहता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. या खरेदीवरचा जीएसटी परत घेतला असेल तर आपल्या वकिलाला आधीच सांगा, समोरचा तो व्यापारी हेतूचा पुरावा म्हणून काढणारच.

खरी लढाई पुराव्याची आहे. आच कमी पडण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली निम्मी भट्टीच्या बाहेरची असतात. पावसाळ्यात शेडमधल्या उघड्या पोत्यातले पेलेट दमट होतात. मग लाकडाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, ज्योत पिवळी होते, धूर वाढतो. भाताच्या तुसाच्या पेलेटमध्ये राख फार, तिचे खडे होऊन जाळीची भोकं बुजतात. धुराडं काजळीने भरलं, ब्लोअरला (हवा मारणाऱ्या पंख्याला) वीज कमी दाबाने मिळाली किंवा राखेच्या कप्प्याचं दार नीट बसत नसलं तरी हेच दिसतं. यातलं काहीही सापडलं, की विक्रेता तेच आयोगापुढे ठेवेल. म्हणून तक्रारीआधी ही कारणं तुम्हीच एकेक करून बाजूला काढा.

त्यासाठी विक्रेत्यानेच सुचवलेल्या मालाचं नवं, कोरडं, बंद पोतं आणा. जाळी, राखेचा कप्पा, धुराडं साफ करा, वीज भरपूर असेल अशा वेळी भट्टी पेटवा. पेलेट वजन करून घाला, २० लिटर पाणी ठेवा, तापमापक लावा आणि घड्याळासकट सलग व्हिडिओ काढा. हिशेब सोपा आहे. भुशाच्या चांगल्या पेलेटमध्ये किलोला साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. ताशी ३ किलो म्हणजे १२,०००. त्यातली ३५ टक्के जरी भांड्यात उतरली तरी ४,२०० झाली. २० लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला १,४०० लागतात, म्हणजे काम सुमारे २० मिनिटांचं. सगळं नीट करूनही तुम्हाला पाऊण तास लागत असेल, तर एकतर भट्टीत ३ किलो जळतच नाहीत किंवा आच धुराड्यातून निघून जाते. दोन्ही दोष यंत्राचे. जळालेल्या पेलेटचं वजन लिहून ठेवलंत तर कुठला ते कळेल. पण एक सांगून ठेवतो. १ किलो गॅसमध्ये जवळजवळ पावणेतीन किलो पेलेटइतकी उष्णता असते, म्हणून ‘पेलेटची आच गॅसपेक्षा कमीच’ असं विक्रेता म्हणू शकतो. पण ‘सिलिंडरइतकी आच’ हा शब्द त्यांनी स्वतः लिहून दिलाय, त्यामुळे तो चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोनही बदलू नका. न्यायालयात त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तुमचा वकील ते तयार करून देईल.

हीच चाचणी एखाद्या चार्टर्ड इंजिनिअरसमोर करून त्यांचा लेखी अहवाल घ्या. शिवाय कलम ३८ खाली आयोग स्वतः यंत्र प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, फी मात्र तुम्हाला भरावी लागू शकते. म्हणून भट्टी आहे तशी ठेवा. गल्लीतल्या वेल्डरकडून जाळी कापून घेऊ नका, ब्लोअर बदलू नका. आच वाढवायला रॉकेल किंवा डिझेल तर अजिबात ओतू नका, कढईत तेल असताना त्यातून जिवावरचं संकट येईल.

तक्रारीत आधी दुरुस्ती, नाहीतर बदली, नाहीतर पूर्ण रक्कम परत आणि बुडालेल्या कामाची भरपाई, अशा क्रमाने मागणी करा. भरपाईसाठी वाया गेलेल्या मालाची बेसन-तेलाची बिलं जोडा. अंदाजाने आकडा टाकला तर तो टिकत नाही.

त्याआधी विक्रेत्याचा कारागीर आला तर नवं, बंद पोतं त्याच्यासमोर फोडा आणि त्याला भट्टी पेटवून दाखवायला सांगा. जाताना सर्व्हिसच्या कागदावर तो ‘पेलेट ओले’ असं लिहून सही मागेल. त्याच कागदावर सहीच्या वर ‘पोतं नवं, बंद होतं, आमच्यासमोर फोडलं, तरी आच कमी’ हे तुमच्या हाताने लिहा, फोटो काढा, मगच सही करा.