उन्हाळ्यातली बियर पहिल्यांदा ट्राय करतोयस? मग हे वाच

अरे सगळ्यात आधी एक, ती आंब्याची बियर आमरसासारखी गोड लागेल असं डोक्यात ठेवून जाऊ नकोस, हापूसमधली बरीचशी साखर यीस्टच, म्हणजे बियर आंबवणारे सूक्ष्मजीवच खाऊन टाकतात, मागे उरतो तो वास आणि थोडा आंबटपणा, आणि खरी मजा त्यातच आहे. गोडमिट्ट लागली तर बहुतेक वरून सिरप घातलंय असं समज.

पण माझं ऐकशील तर सुरुवात आंब्याने नको, विट बियरने कर. बेल्जियमची स्टाइल, गव्हाची, त्यात चक्क आपले धने आणि संत्र्याची साल घालतात, कडवटपणा अगदी कमी. मग हेफेवायझन, म्हणजे जर्मन स्टाइलची गव्हाची बियर घे, ग्लास नाकाशी धर आणि आधी नुसता वास घे, पिकलेल्या केळ्याचा आणि मागून हलका लवंगेचा येतो, यातलं काहीही घातलेलं नसतं बरं का, सगळं यीस्टचं काम! गढूळ दिसली म्हणून परत पाठवू नकोस, ती तशीच असते.

पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बियर बनवून विकणारी जागा सुरू केली, आता बऱ्याच ठिकाणी ताजी मिळते. आधी छोटे टेस्टर, म्हणजे चव बघायचे छोटे ग्लास माग, आणि आज टॅपवर नवीन काय लागलंय ते विचार, आंब्याची बियर सीझन संपला की गेलीच.

बर्फ टाकू नकोस प्लीज. पोटात काहीतरी असू दे, सोबत पाणी पीत राहा, उन्हातून आल्या आल्या तहान बियरने भागवायची नाही. आणि बाइक घरीच ठेव, रिक्षाने जा. महाराष्ट्रात बियरला २१ पूर्ण लागतात, आयडी जवळ असू दे.