‘असा दावा’ कापू नकोस

वर्तमानपत्राच्या आंतरराष्ट्रीय पानावर बसतो आहेस म्हणून सांगतो. बातमीच्या जागी आपल्यातला कुणी गेलेला नसतो. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी येते, आपण रात्री साडेदहाला घाईघाईत तिचं मराठी करतो आणि चूक तिथेच शिरते.

१७ ऑक्टोबर २०२३ आठव. गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार, असं पॅलेस्टिनी अधिकाऱ्यांनी सांगितलं. इस्रायलने ‘इस्लामिक जिहाद’ या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाच्या भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवलं. हमासच्या ताब्यातल्या गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा मृतांचा आकडा पुढे ४७१ झाला, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० होता. २३ ऑक्टोबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने टीप छापून मान्य केलं, की सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यांवर फार विसंबल्या होत्या.

आता आपलं बघ. शीर्षकात जागा कमी पडली की पहिली कात्री ‘असा दावा’वर. दोन शब्द गेले, की दाव्याची बातमी झाली!

मीही लावलीय ही कात्री. एकदा तर भूकंपाच्या बातमीला भलत्याच देशातल्या जुन्या भूकंपाचा फोटो गेला. मथळा पहिल्या पानावर, खुलासा आतल्या पानाच्या तळाशी, चार ओळी. तेव्हापासून फोटोची तारीख बघितल्याशिवाय पान सोडत नाही.

मूळ कॉपीत ‘रेफ्युजी’ असेल तर ‘निर्वासित’च लिही, ‘घुसखोर’ नाही. ‘रेफ्युजी’ला १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारापासून कायदेशीर अर्थ आहे. आणि मेलेल्या लेकराचा फोटो आला, तर एकट्याने ठरवू नकोस. संपादकांना झोपेतून उठव. शिव्या बसतील, बसू देत.