आयपीस, ऐसपैस आणि ‘विस्तृत-क्षेत्र नेत्रिका’

शाळेतील मुलांच्या आकाशदर्शनासाठी दुर्बिणीची ओळख करून देणारे पत्रक लिहीत असलेल्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘वाइड-फील्ड आयपीस’ला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाला बसवायच्या आणि आकाशाचा अधिक मोठा तुकडा दाखवणाऱ्या भिंगांच्या नळीला, मराठीत काय म्हणावे. त्यांना तीन पर्याय सुचवले गेले आहेत: ‘विस्तृत-क्षेत्र नेत्रिका’, ‘रुंद नेत्रिका’ आणि ‘विशालकोनी नेत्रभिंग’. शिवाय ‘आयपीस’ हा शब्द पुल्लिंगी धरावा की नपुंसकलिंगी, असा दुसरा प्रश्न त्यांनी जोडला आहे.

तिन्ही पर्याय मला नापसंत आहेत, आणि नापसंतीची कारणे निरनिराळी आहेत.

‘नेत्रभिंग’ तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. भिंग म्हणजे एक काच. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडच्या बाजूला खरोखरच एकच अंतर्गोल भिंग होते, केप्लरने १६११ मध्ये सुचवलेल्या रचनेत एकच बहिर्गोल भिंग होते, आणि तेथपर्यंत हा शब्द खपला असता. परंतु हायगेन्सने सतराव्या शतकातच दोन भिंगे एका नळीत बसवली, व्हिएन्नाच्या प्लोस्लच्या रचनेत ती चार झाली, आणि आज ज्यांना वाइड-फील्ड म्हणतात त्या आयपीसांत सहा-सात किंवा त्याहून अधिक भिंगे असतात. सात भिंगांच्या वस्तूला ‘भिंग’ म्हणणे म्हणजे सात खोल्यांच्या वाड्याला ‘भिंत’ म्हणण्यासारखे आहे. ‘नेत्रिका’ हा पाठ्यपुस्तकी शब्द त्या मानाने बरा. त्यातील ‘इका’ प्रत्यय पुस्तिका, नाटिका यांच्याप्रमाणे लहानपणा सुचवतो आणि काही वाइड-फील्ड आयपीस जवळजवळ किलोभर वजनाचे असतात, ही विसंगती मी हसून सोडून देतो.

‘रुंद’विषयी फार लिहायला नको. दुर्बिणीतून दिसणारे आकाश वर्तुळाकार असते. वर्तुळाला लांबी वेगळी आणि रुंदी वेगळी असा प्रकार नसतो. ‘रुंद नेत्रिका’ म्हटल्यावर मुले आयपीसच्या नळीचा व्यास पाहतील, आणि सव्वा इंची नळीपेक्षा दोन इंची नळी ‘रुंद’ असे अगदी तर्कशुद्ध अनुमान काढतील.

खरी अडचण ‘क्षेत्रा’ची आहे. इंग्रजीत फील्ड म्हणजे शेत, आणि आपल्याकडे ‘शेत’ हा शब्दच ‘क्षेत्र’पासून आला आहे, हे पाहून कोणा भाषांतरकाराला आनंद झाला असेल; पण मराठी माणसाच्या डोक्यात आज ‘क्षेत्र’ म्हटले की एक तर पंढरपूर येते, नाही तर क्षेत्रफळ. आयपीसच्या बाबतीत मोजायचे असते ते क्षेत्रफळ नव्हे, तर कोन, आणि तोही दोन प्रकारचा. या दोन कोनांची गल्लत मी आकाशदर्शनाच्या प्रत्येक रात्री ऐकतो. ‘हा वाइड आहे, ह्यातून ग्रह मोठा दिसेल’ असे कोणी तरी आत्मविश्वासाने सांगते आणि रांगेतील दहा जण माना डोलावतात. ग्रह मुळीच मोठा दिसणार नाही. दुर्बिणीच्या मुख्य आरशाच्या किंवा भिंगाच्या नाभीय अंतराला (प्रकाश जेथे एकवटतो तेथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते, मिळते, आणि त्या भागाकारात पैसाचा कोठेही संबंध नाही. (‘पैसाचा’ असे मी जाणूनबुजून लिहिले आहे, तेथे येतोच.)

उदाहरण घेऊ. हौशी लोकांत लोकप्रिय असलेल्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचे नाभीय अंतर साधारण १२०० मिलिमीटर असते. तिला १३ मिलिमीटरचा आयपीस लावला की वर्धन सुमारे ९२ पट होते, मग तो आयपीस साधा असो की वाइड-फील्ड. फरक आहे तो डोळ्यापुढे उघडणाऱ्या वर्तुळाच्या कोनात. साध्या प्लोस्लमध्ये हे वर्तुळ सुमारे ५० अंशांचे भासते. ५० ला ९२ ने भागले की प्रत्यक्ष आकाशाचा अर्ध्या अंशाहून किंचित मोठा तुकडा मिळतो, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र जेमतेम मावतो. ८२ अंशांच्या आयपीसमध्ये त्याच वर्धनाला जवळजवळ ०.९ अंश मिळतो. चंद्र तेवढाच दिसतो, पण त्याच्या भोवती काळेभोर आकाश उरते. आणि डॉब्सोनियनला आकाशाबरोबर फिरवणारे यंत्र बहुधा नसल्यामुळे याचा व्यावहारिक लाभही आहे. पृथ्वीच्या फिरण्याने आकाश मिनिटाला पाव अंश सरकते. मध्याशी असलेला, खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा काठाबाहेर जाण्यास पहिल्या आयपीसमध्ये मिनिटभरच लागते, तर दुसऱ्यात पावणेदोन मिनिटांच्या आसपास. पाठीमागे तीस मुलांची रांग असताना ही पाऊण मिनिटाची सवड फार मोलाची असते.

तेव्हा कोन दोन: डोळ्याला भासणारा ८२ अंशांचा, आणि आकाशात प्रत्यक्ष व्यापला जाणारा ०.९ अंशाचा. आपल्या पारिभाषिक मराठीत दोहोंना ‘दृष्टिक्षेत्र’ म्हणून मोकळे होतात. कोणी काळजीपूर्वक लिहिणारा असेल तर ‘भासमान’ आणि ‘प्रत्यक्ष’ अशी विशेषणे लावतो. पण बोलताना विशेषणे पहिल्याच मिनिटाला गळतात आणि गोंधळ शिल्लक राहतो.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहावयास घेतले, त्याकडे येतो. तो शब्द म्हणजे ‘पैस’.

वाइड-फील्ड आयपीसला ‘ऐसपैस आयपीस’ म्हणा. उच्चारून पाहा: आयपीस, ऐसपैस. कानाला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात, आणि सहावीतल्या मुलाला ‘ऐसपैस’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, ऐसपैस ओसरी, ऐसपैस अंगण, डब्यात ऐसपैस बसलेला माणूस त्याने पाहिलेला असतो. यावर लगेच एक ठरलेला शहाणपणा ऐकू येतो, आणि तो ऐकला की माझा तोल जातो. ‘ऐसपैस म्हणजे ऐश आणि पैसा; ज्याच्याकडे दोन्ही, तो ऐसपैस राहतो.’ ही व्युत्पत्ती गमतीदार आहे आणि निखालस खोटी आहे. ‘ऐश’ अरबीतून आलेला, त्याचा शेवटचा वर्ण ‘श’. तो येथे ‘स’ का व्हावा, याचे उत्तर कोणी देत नाही. मराठीत अशा जोडशब्दांचे एक पूर्ण घराणेच आहे, ज्यात अर्थवान शब्द दुसरा असतो आणि पहिला हा केवळ त्याचा, आरंभीचे व्यंजन गाळून केलेला, प्रतिध्वनी असतो: अघळपघळ, आजूबाजू, अदलाबदल. ‘आजू’ला स्वतंत्र अर्थ शोधत कोणी बसत नाही. तसाच ‘ऐस’ हा ‘पैस’चा प्रतिध्वनी आहे, आणि ऐश तेथे कोणी करीत नाही.

याच पैसाला आणखी एक आघात सोसावा लागतो. नेवाशाचा तो खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैसाचा खांब’ आहे. त्याला ‘पैशाचा खांब’ म्हणणाऱ्या लोकांना मी प्रत्यक्ष भेटलो आहे, आणि त्यांतील एकाने तेथे नाणी वाहिली जात असावीत असा खुलासाही दिला. पैसा या शब्दाचे सामान्यरूप ‘पैशा-’ होते आणि पैस याचे ‘पैसा-’. जेमतेम एका कान्याचा भेद असलेल्या या दोन शब्दांना व्याकरणाने किती नीट वेगळे ठेवले आहे, हे पाहावे आणि मग बोलावे.

पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा, एवढे सर्वांना ठाऊक आहे. तो आला कोठून, यावर मात्र माझा एका जाणत्या गृहस्थांशी जुना वाद आहे. त्यांच्या मते तो ‘प्रसर’पासून आला: प्रसर म्हणजे पसरणे, पैस म्हणजे पसरलेले, झाले काम. मला हे मान्य नाही. ‘प्रसर’चे मराठीत काय होते ते आपल्या डोळ्यांपुढे आहे: पसरणे, पसारा, पसरट. त्यात ‘र’ टिकून आहे आणि ‘ऐ’चा मागमूस नाही. ज्या शब्दाचा वंश इतका सुखरूप नांदतो आहे, त्याला दुसरे, र गमावलेले आणि ऐ कमावलेले अपत्य चिकटवण्याचे कारण काय?

माझ्या मते ‘पैस’ निघतो तो ‘प्र’ आणि ‘विश्’ यांतून, म्हणजे ‘प्रवेश’ ज्यातून आला त्याच मुळातून. जुन्या मराठीत ‘पैसणे’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आत शिरणे. संस्कृत प्रविशति, अपभ्रंशात पइसइ, जुन्या मराठीत पैसे. मधला ‘व’ विरघळला, अ आणि इ जवळ आले आणि त्यांचा ऐ झाला. हे मी कल्पनेने सांगत नाही, कारण याच साच्यातून निघालेला त्याचा जुळा भाऊ आपण रोज वापरतो: ‘उप’ आणि ‘विश्’ मिळून उपविशति, त्याचे अपभ्रंशात बइसइ, मराठीत बैसणे, आणि पुढे झिजून बसणे. आजीने ‘बैस रे’ म्हटले की ती नकळत उपनिषदांच्या काळातले क्रियापद चालवीत असते. हिंदीने याच दोन धातूंची भूतकाळी रूपे उचलली. उपविष्टपासून बैठना आणि प्रविष्टपासून पैठना. घुसपैठ या हिंदी शब्दातील ‘पैठ’ तीच. (आमच्या पैठणचा या पैठशी काही संबंध नाही, ते प्रतिष्ठान. हे लिहून ठेवतो, नाही तर आठवडाभर पत्रे येतील.)

बैसणे आणि पैसणे, एक जवळ येऊन टेकणे आणि दुसरे आत शिरणे. बैसणे टिकले, पैसणे बोलण्यातून गेले आणि जाताना मागे ‘पैस’ हे नाम ठेवून गेले. आत शिरता येईल अशी जागा ती पैस. शिरायला भरपूर जागा, ती ऐसपैस. अर्थाचा हा प्रवास अवघड वाटत असेल तर ‘अवकाश’ पाहावा. वाव, मोकळी जागा, सवड असे त्याचे अर्थ होते आणि आज आपण त्यातच अंतराळयाने सोडतो.

आणि आता पुन्हा आयपीसला डोळा लावावा, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. गॅलिलिओच्या दुर्बिणीतून आकाशाचा तुकडा इतका लहान दिसे की सबंध चंद्रबिंबही एका वेळी मावत नसे. ते किल्लीच्या भोकातून डोकावणे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एर्फ्ले या जर्मन संशोधकाने लष्करी उपकरणांसाठी साठ अंशांच्या आसपासची रचना केली, आणि भोकाची खिडकी झाली. मग अल नागलर आले. चंद्रावर उतरण्याचा सराव करणाऱ्या अंतराळवीरांना खिडकीबाहेर भोवतालभर देखावा दिसावा, यासाठी सरावयंत्रांची प्रकाशीय रचना त्यांनी केली होती. १९७७ मध्ये त्यांनी टेलिव्ह्यू ही कंपनी काढली आणि १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला. २००७ मध्ये त्याच कंपनीने १०० अंशांचा इथॉस आणला. साध्या आयपीसमध्ये वर्तुळाचा काठ सतत नजरेत राहतो आणि आपण बाहेर उभे राहून आत पाहत आहोत याची जाणीव पुसली जात नाही. शंभर अंशांच्या आयपीसमध्ये काठ दिसण्यासाठी डोळा मुद्दाम फिरवावा लागतो. समोर पाहत असताना काठ नाही, चौकट नाही, आणि अंधार सर्व बाजूंनी आलेला. नागलर स्वतः या अनुभवाला अंतराळात चालण्याची उपमा देत. म्हणजे शिरणेच ते! इंग्रजीला ‘वाइड’ आणि ‘फील्ड’ असे दोन शब्द लावूनही जे सांगता आले नाही, ते तेराव्या शतकातल्या मराठीचा दोन अक्षरी शब्द सांगतो: जागा आणि प्रवेश, एकाच दमात.

म्हणून माझी सूचना अशी. आयपीसचा जो भासणारा कोन, त्याला ‘पैस’ म्हणावे: ‘या आयपीसचा पैस ८२ अंश आहे.’ आकाशाचा प्रत्यक्ष जो तुकडा दिसतो, त्याला ‘कव’ म्हणावे, कारण आकाश कवेत घेणे आपण म्हणतोच: ‘या दुर्बिणीला हा आयपीस लावला तर कव ०.९ अंश.’ पैस हा एकट्या आयपीसचा गुण, कव ही दुर्बीण आणि आयपीस यांची मिळून. पैसाला वर्धनाने भागले की कव मिळते. शब्द निराळे असल्याने बोलताना विशेषणे गळण्याची भीती नाही, आणि ‘वाइड आहे म्हणून मोठे दिसते’ हे वाक्य मराठीत उच्चारताच चुकीचे वाटू लागेल, कारण अंगण ऐसपैस असले म्हणून त्यात उभा असलेला माणूस उंच होत नाही.

लिंगाचा प्रश्न राहिलाच होता. दोन्ही रूपे ऐकू येतात. मी पुल्लिंगी वापरतो, कारण ब्लाउजपीसचा पीस आपण ‘तो’ म्हणूनच घरात आणला आहे. नपुंसकलिंगी धरल्यास अनेकवचन ‘आयपिसे’ करावे लागेल. पिसे म्हणजे पक्ष्याची पिसे, आणि पिसे म्हणजे वेडही. दुर्बिणीपेक्षा महाग असे चार ऐसपैस आयपीस पेटीत बाळगणारी माणसे मी ओळखतो, आणि त्यांच्यापुरते हे दुसरे अनेकवचन चालू ठेवण्यास माझी हरकत नाही.