चाकणच्या कंपनीतला माझा करार महिनाअखेरीस संपतोय. एचआर म्हणतात, "राजीनामा लिहून द्या, बाकी काही मिळणार नाही." खरंच काही मिळत नाही का?

राजीनामा लिहून देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी मनावर घ्या.

तुम्ही लिहिलंय की एकाच लाईनवर साडेतीन वर्षं काम केलं. पहिलं दीड वर्ष ठेकेदाराच्या नावावर आणि नंतरची दोन वर्षं कंपनीच्या थेट, ठरावीक मुदतीच्या करारावर. आता मुदत संपतेय, नवा करार नाही, आणि एचआरने एक छापील कागद पुढे सरकवलाय. तो कागद मी न बघताही सांगू शकतो त्यात काय आहे, कारण 2014 साली पुणे जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात मी त्यावर सही केलीय. टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी आम्ही रांगेत उभे होतो. मजकूर आधीच टाइप केलेला होता आणि कारणाच्या जागी प्रत्येकाच्या कागदावर तेच: "घरगुती अडचणीमुळे". माझ्या पुढच्या मुलाने विचारलं, "साहेब, मला तर काही अडचण नाही." उत्तर आलं, "सही कर, मगच चेक मिळेल." सगळ्यांनी केली, मीही केली. पुढे कामगार कार्यालयात गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने तोच कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही स्वतःच सोडलंय ना?" पुढे बोलायला काही उरलं नाही. त्यानंतर मी कामगार संघटनेच्या कार्यालयात बसायला लागलो आणि आज लोकांचे अर्ज लिहितो.

मुदत संपणं आणि राजीनामा देणं यात पैशाचा फरक आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेला, आधी पाच वर्षांची सलग सेवा लागायची, त्यामुळे करारावरच्या माणसाच्या हाती ती जवळजवळ कधीच पडत नसे. आता ठरावीक मुदतीच्या करारावर एक वर्ष काम केलेल्याला ती मिळते, आणि कराराची मुदत संपली म्हणून सेवा संपली तर पाच वर्षांची अट लागत नाही. "मुदत संपली म्हणून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुम्ही राजीनामा लिहून दिलात की कंपनीला म्हणता येतं, मुदत संपलीच नाही, हा आधीच स्वतःहून गेला, आता पाच वर्षं दाखव. तुमच्याकडून तो कागद इतक्या घाईने का मागतायत ते यावरून समजा.

रक्कम किती होते तेही पाहा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 13,000 रुपये आहे. त्याला 26 ने भागा, 15 ने गुणा: वर्षाला 7,500. दोन वर्षांचे 15,000. आणि कंपनीने मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत घातलं असेल, तर नव्या संहितेप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले की वरचा भाग पगारातच धरायचा असतो. म्हणून सॅलरी स्लिपवरचा मूळ पगाराचा आकडा बघून गप्प बसू नका.

एचआर एका बाबतीत मात्र खरं बोलतायत आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. नवा करार द्याच, असा हक्क कायद्यात नाही. मुदत संपून नोकरी गेली तर ती कामगारकपात धरली जात नाही, त्यामुळे कपातीची भरपाई आणि एक महिन्याची नोटीस मिळत नाही. हे आजचं नाही, औद्योगिक विवाद कायद्यात 1984 सालच्या दुरुस्तीनेच ते आलं. पण करार मुदतीच्या आधी मध्येच तोडला असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणून करारातली शेवटची तारीख आणि तुम्हाला गेटवर अडवतील ती तारीख एकच आहे ना, ते तपासा.

ग्रॅच्युइटी सोडून बाकीचं. शेवटचा पगार आणि ओव्हरटाइम दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. ओव्हरटाइम दुप्पट दराने. शिल्लक हक्काच्या रजेचे पैसेही हिशोबात यायला हवेत. बोनस वर्ष संपल्यानंतर देतात, त्यामुळे दिवाळीत तुम्ही तिथे नसलात तरी त्या वर्षात 30 दिवस भरले असतील आणि पगार बोनसच्या मर्यादेत असेल तर तो तुमचा आहे. लोक हा हमखास विसरतात. आणखी एक: त्याच लाईनवर तेच काम करणाऱ्या परमनंट कामगारापेक्षा तुम्हाला कमी पगार किंवा कमी भत्ते देता येत नाहीत. शेजारच्या मशीनवरच्या परमनंटची स्लिप बघायला मिळाली तर आकडे लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी खरी मोठी रक्कम या फरकात असते, ग्रॅच्युइटीत नाही.

आता ठेकेदाराकडचं दीड वर्ष. हे अवघड आहे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की ठेका नुसता कागदावरचा असेल तर तो कामगार कंपनीचाच समजायचा. म्हणजे प्रश्न असा येतो: काम कोण सांगायचं? रजा कोण मंजूर करायचं? ठेकेदाराचा माणूस पगाराच्या दिवशीच उगवायचा का? कंपनीचा सुपरवायझर शिफ्ट लावायचा, व्हॉट्सअॅपवर "उद्या सेकंडला ये" असं कळवायचा, तर ते मेसेज जपून ठेवा. ठेका खोटा ठरला तर तेही दीड वर्ष तुमच्या सेवेत धरलं जावं, अशी मागणी करता येते. ती मिळेलच असं मी म्हणणार नाही, लढाई लांब चालते. पण ठेकेदाराने पगार थकवला असेल तर त्यासाठी इतकं काही सिद्ध करायला लागत नाही, तो मूळ कंपनीला द्यावाच लागतो. आणि ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला मागा. मागितला तर त्याला द्यावा लागतो.

अकरा महिन्यांनी ब्रेक दिलाय म्हणून वर्ष भरलं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कायद्याने सलग सेवेचं एक वर्ष धरतात. त्यात पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवारही मोजायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केलंय.

पीएफचं पासबुक आजच उघडून बघा. ठेकेदाराने वेगळा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढला असेल तर दोन्ही खाती एकत्र करा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता. आणि घाईघाईत पेन्शनचा हिस्सा काढू नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आता काढलीत तर ही वर्षं गेली, म्हणून त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनच्या सेवेचा दाखला) घ्या आणि पुढच्या नोकरीत जोडा.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही फेकू नका. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली असेल तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये असतो. वर्गणीच्या त्या सहामाहीत 78 दिवस भरले असतील तर नोकरी गेल्यावरही दवाखान्याचा आधार त्या मुदतीपर्यंत राहतो. घरात म्हातारे आई-वडील असतील तर याची किंमत कळते.

तुमच्या लाईनवर कुणी ताई गरोदर असेल आणि तिचाही करार संपत असेल, तर तिला एवढं नक्की सांगा: 2023 मध्ये दिल्लीच्या एका करारावरच्या डॉक्टरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की प्रसूतीचे लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावे लागतात.

मग सही कशावर करायची? फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर करा, पण तो वाचून आणि आकडे भरलेले असतील तरच. कोऱ्या जागा असतील तर पेनाने रेघ ओढा. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "रक्कम मिळाली. हिशोब मान्य नाही. हक्क राखून स्वीकारली." लिहू दिलं नाही तर त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल पाठवा: करार अमुक तारखेला मुदत संपून संपला, मी राजीनामा दिलेला नाही, माझं येणं असं असं आहे. साधं मराठी चालतं. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्या आणि पोच घ्या. कंपनीला ती 30 दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. नाही दिली तर कामगार कार्यालयात जा. काढून टाकल्याचा वाद घालायचा असेल तर तो दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणापुढे न्यावा लागतो, पण वाट बघत बसू नका. सोबतचे लोक पांगतात आणि साक्ष द्यायला कुणी उरत नाही.

गेटपास, दोन्ही करार, सगळ्या स्लिपा, पंचिंगचा रिपोर्ट यांचे फोटो आज रात्रीच काढून घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. शेवटच्या दिवशी गेटपास जमा करून घेतात आणि पंचिंगचं लॉगिन दुपारीच बंद होतं.