पोरगा पुण्याला, पॉलिसी फोंड्याची

"मॅडम, पोरगा पुण्याला चालला. आमची मेडिक्लेम तिथे चालेल, की त्याची वेगळी काढू?"

बारावीनंतरच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली की गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. मी पॉलिसी विकत नाही. कुटुंबांना पैशाच्या निर्णयांत सल्ला देते, त्यामुळे लोक फाईल घेऊन मोकळेपणानं बसतात. पुढची गोष्ट अशाच एका कुटुंबाची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मुलगा एकुलता, अठरा पूर्ण, इंजिनिअरिंगला निघालेला. त्याला लहानपणापासून दमा. मुलाच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, पिशवीतून तीन गोष्टी काढल्या: वडिलांच्या कंपनीचं तीन लाखांचं ग्रुप विम्याचं कार्ड, सहा वर्षांपूर्वी काढलेली, सगळ्या घराला मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. त्यांना कोणीतरी सुचवलं होतं की मुलाचं नाव फ्लोटरमधून काढा, हप्ता कमी होईल, आणि त्याच्या नावे दहा लाखांची नवी पॉलिसी घ्या. फॉर्मवर दम्याचा उल्लेख नको.

"नाही लिहिलं तर चालेल ना?" वहिनींनी हळू आवाजात विचारलं.

नाही चालणार. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमधली तीन त्यातच जातील. लपवून ठेवलं आणि दम्यानं दाखल व्हावं लागलं, तर क्लेम नाकारला जाईल, पॉलिसीही रद्द होऊ शकते. उलट जुन्या फ्लोटरच्या प्रस्तावात यांनी सहा वर्षांपूर्वीच दमा प्रामाणिकपणे लिहिला होता. प्रतीक्षेचा काळ केव्हाच संपला होता. साठ महिन्यांची मुदतही उलटली होती. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनी माहिती दडवल्याचं कारण पुढे करू शकत नाही. म्हणजे या कुटुंबाकडची सगळ्यांत मौल्यवान वस्तू तीच जुनी पॉलिसी होती, आणि ती ते आपल्या हातानं मोडायला निघाले होते.

बहुतेक फ्लोटरमध्ये अविवाहित आणि आईवडिलांवर अवलंबून असलेलं मूल साधारण २५ वर्षांपर्यंत राहतं. पुढे त्याची वेगळी पॉलिसी त्याच कंपनीत करून घेतली, तर झालेली प्रतीक्षा वाया जात नाही. वडिलांच्या कंपनीचं ग्रुप कार्ड मात्र नोकरीबरोबर संपतं, त्याच्यावर पुढची मदार ठेवू नये. राहिलं दीनदयाळचं कार्ड. पाच वर्षांहून अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती योजना आहे: तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. पण ती यादीतल्या रुग्णालयांपुरती. पुण्यात वसतिगृहाच्या शेजारच्या रुग्णालयात ती चालेल असं धरून चालू नका, असं मी वहिनींना स्पष्ट सांगितलं.

मग वहिनी थोड्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, ते सगळं खरं. पण रात्री त्याला धाप लागली तर नेणार कोण?"

खरा प्रश्न हा होता. पॉलिसीचा प्रश्न बहुतेक वेळा याच भीतीला झाकून येतो, आणि मला वाटतं तो तसाच ऐकून घ्यायला हवा. विमा कुणाला उचलून रुग्णालयात नेत नाही. पण दारात पोचल्यावर पहिल्या तासात काय होईल, ते इथे बसून ठरवता येतं. मी मुलाला विचारलं, "तुझी पॉलिसी कुठल्या कंपनीची?" त्यानं आईकडे पाहिलं.

त्या दिवशी पुढचा तासभर मी त्याच्याशीच बोलले. पॉलिसी त्यानं स्वतः मोठ्यानं वाचली. चौदाव्या पानावर अडलो. या कंपनीनं शहरांचे गट पाडले होते. हप्ता गोव्याच्या पत्त्यावर, म्हणजे खालच्या गटाचा; पुणे वरच्या गटात. तिथे उपचार घेतले तर बिलाचे २० टक्के घरच्यांनी भरायचे. सगळ्या पॉलिसींत ही अट नसते, पण मूल मोठ्या शहरात जात असेल तर आधी हीच शोधायची. नूतनीकरण ऑगस्टमध्ये होतं. मुलाचा नवा पत्ता कळवून वरच्या गटाचा हप्ता भरायचं ठरलं.

खोलीच्या भाड्याची मर्यादाही त्यानंच शोधली. ती ओलांडून महागडी खोली घेतली, तर कंपनी फक्त खोलीचा फरक कापत नाही, डॉक्टरांच्या फीसह बिलातल्या इतर रकमाही त्या प्रमाणात कापू शकते. वसतिगृहाजवळची कॅशलेस रुग्णालयं त्यानं मोबाईलवर शोधली. तातडीनं दाखल झाल्यास २४ तासांत कळवा, असं त्याच्या पॉलिसीत होतं. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यावा, असा २०२४ पासून नियम आहे. एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली: नुसतं नेब्युलायझर देऊन त्याच रात्री घरी पाठवलं, तर सहसा क्लेम बसत नाही. म्हणून त्याच्या खात्यात दहा हजार वेगळे, न मोडण्याचे.

उठता उठता मी गाडीचं विचारलं. स्कूटर रेल्वेनं पाठवायची होती, ती वडिलांच्या नावावर. हा प्रश्न मी आता कधीच चुकवत नाही. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी तो विचारला नव्हता. त्यांचा मुलगा वडिलांच्या गाडीवरून पडला, पायाला कायमची इजा झाली. गाडीच्या विम्यातलं १५ लाखांचं अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकालाच मिळतं. मुलाला त्यातलं काही मिळालं नाही. मी विचारलं असतं, तर त्याच्या नावे वेगळी अपघात पॉलिसी निघाली असती. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

या मुलासाठी तशी अपघात पॉलिसी निघाली. शिवाय बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत स्कूटर घरीच ठेवायची, हे वडिलांनी ठरवलं. गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथे नव्यानं नोंदणी लागते, तेही लिहून दिलं.

चवथीला तो घरी येऊन गेला. नोव्हेंबरात, परीक्षेच्या आधी, मध्यरात्री त्याला धाप लागली. खोलीतल्या मुलांनी रिक्षानं नेलं. तीन दिवस दाखल होता. रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या खिडकीवर, कार्ड त्यानं दाखवलं, मर्यादेतली खोली त्यानंच मागितली. आईला फोन केला तो अर्ज गेल्यानंतर. वहिनी रात्रीची बस धरून पोचल्या, तोवर मंजुरी आली होती. मास्क, हातमोजे असल्या वस्तूंचे थोडे पैसे पदरचे गेले, बाकी कंपनीनं भरलं.

डिसेंबरात वहिनी आल्या, "देव बरें करूं" म्हणाल्या आणि मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. वसतिगृहाच्या कपाटाला आतून चिकटवलेला कागद, त्यावर मुलाचा पॉलिसी नंबर, टीपीएचा नंबर, रक्तगट. खाली वेगळ्या अक्षरांत आणखी दोघांचं तेच सगळं. खोलीतले इतर दोघे, एक लातूरचा, एक रत्नागिरीचा. यानं त्यांना घरी फोन करून पॉलिसी विचारायला लावली होती.