शब्दांची विचारपूस : मुजरा

प्रश्न : आमच्या दुकानाच्या जुन्या खातेवहीत 'दुरुस्तीबद्दल मुजरा रु. ५०' अशी नोंद सापडली. मुजरा म्हणजे वाकून केलेला नमस्कार ना? मग तो भाड्याच्या खात्यात कसा आला?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : शब्द तोच आणि तुमच्या वहीतला अर्थही अस्सल. मुजरा म्हणजे वजावट, देण्यातून वळती केलेली रक्कम. भाडे ४०० रुपये ठरले आणि भाडेकरूने पदरचे ५० रुपये घालून कवेलू बदलले, तर मालक ते ५० 'मुजरा देतो' आणि ३५० घेतो. काही वह्यांत 'मजरा' असेही लिहिलेले असते. मजुरीशी मात्र नाते जोडू नका. 'मजूर' फारसीतून आला.

मुजरा मुळात अरबी. धातूचा अर्थ वाहणे, चालणे. रोजच्या वापरातला 'जारी' त्याच धातूचा, हिंदीतला 'माजरा'ही. मुजरा म्हणजे चालू केलेले. हिशेबात चालवून घेतली ती वजावट. दरबारात पुढे येऊन जो वाकला त्याची हजेरी चालली, रुजू झाली. ही सांगड आमची, पण अर्थाला धरून आहे. उत्तरेकडे तर दरबारापुढच्या नाचगाण्यालाच मुजरा म्हणू लागले.

अर्थ ओळखायचा तो क्रियापदावरून. 'मुजरा केला' म्हणजे नमस्कार, 'मुजरा दिला' म्हणजे वजावट. घोळ होतो 'घेतला'पाशी, कारण मुजरा राजाही घेतो आणि सावकारही. तिथे शेजारी आकडा आहे का, ते पाहावे. आणि लिहिताना 'मुजऱ्याला', 'मुजऱ्यात', 'मुजर्याला' नव्हे.

प्रश्न : शिवजयंतीच्या नाटुकल्यासाठी मुलांना मुजरा शिकवायचा आहे. कुर्निसात आणि मुजरा एकच का?
– एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आज दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, पण कुर्निसात तुर्की वळणाचा. मूळ अर्थ 'दिसणे, समोर येणे'. शेवटचा 'आत' हा फारसीतून आलेला अनेकवचनी प्रत्यय. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त त्याची रीत आहे : उजवा तळवा कपाळावर ठेवून मस्तक झुकवायचे. हात खालून वर आणायचा तो प्रकार तिथे 'तस्लीम' या नावाने वेगळा दिला आहे. आपल्या रंगमंचावरचा मुजरा या दुसऱ्याच्या जवळचा.

मुलांना असे सांगा : कमरेत वाका, उजवा हात गुडघ्याखाली न्या, तळवा स्वतःकडे ठेवून सावकाश कपाळापर्यंत आणा. असे तीनदा. बहुतेक मुले घाई करतात. मग हात कपाळाला लागताच बाहेर झटकला जातो आणि पोलिसी सलाम होतो. डावा हात म्यानावर हवा, नाहीतर वाकताना तलवार पायात येते. पागोटे तालमीतच बांधून पाहा, कारण तिसऱ्या मुजऱ्याला ते हमखास डोळ्यांवर घसरते. मग पाठ न दाखवता मागे सरायचे असते, तेव्हा तीन पावलांची जागा आधी खडूने आखून ठेवा.